सालेताफूची मानाची चटई

१

सोमवारी सकाळी भर कोर्टात राखणदार पेलेनातोने गाठोड्याची दोरी सोडली, कापड दोन्ही बाजूंनी उलगडलं आणि तिथेच त्याचे हात थांबले. आत चटई होती, पण ती मानाची चटई नव्हती.

मानाची चटई कशी असते ते सवाइई बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. केवड्याच्या पानांचे दोऱ्याइतके बारीक पट्टे काढून बाई वर्ष वर्ष विणत बसते, तेव्हा कुठे ती हाताला मऊ लागते. खालच्या कडेला लाल पिसं. लग्नात ती द्यायची, मयतीत ती द्यायची, आणि हातून मोठा अपराध घडला तर तीच डोक्यावर घेऊन समोरच्याच्या दारात बसायचं. पेलेनातोच्या हातात होती ती जमिनीवर अंथरायची, जाडीभरडी, मधोमध कोकोचा डाग पडलेली.

मग मागच्या बाकांवर एकच गलका उडाला.

न्यायाधीश मोएलागी बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि देवाने नेमका हाच खटला त्यांच्या पदरात टाकला होता. सालेताफू गावात तीन पंथांची तीन ख्रिस्ती देवळं. इएती नावाच्या शेतकऱ्याने चौथी प्रार्थना आपल्या घरात सुरू केली. गावसभेने सांगितलं, बंद कर. त्याने केली नाही. सभेने त्याला आईसकट, बायकापोरांसकट गावाबाहेर काढलं आणि दारातले नीरफणस तोडून टाकले. आता इएती म्हणतो, राज्यघटनेने मला हवा तसा देव भजायचा हक्क दिलाय. गाव म्हणतं, हा देश रीतीवर उभा आहे आणि गावात कोणी राहायचं ते गावच ठरवणार. राजधानी आपियातले मंत्री दोन्ही बाजूंनी भाषणं ठोकून मोकळे झाले होते. कोर्टाच्या आवारात एका बाजूला गावच्या तरण्या पोरांनी भरलेला ट्रक, दुसऱ्या बाजूला इएतीच्या बाजूचा.

असल्या प्रश्नाशी बाईंची वागण्याची एक पद्धत होती. तापलेल्या भांड्याला उघडा हात लावायचा नाही. मोठ्या प्रश्नाखाली एखादा लहान प्रश्न असतो. तो सुटला तर मोठ्याला हात घालायचाच नाही. काही लोक यासाठी त्यांना शहाणी म्हणत, काही पळपुटी. बाई दोघांचंही ऐकून घेत.

इथे लहान प्रश्न होता तो या चटईचा. आई खंगत चालली म्हणून इएती एका पहाटे गावचा मुख्य सरदार तुआला याच्या दारात मानाची चटई डोक्यावर घेऊन बसला होता. चटईखाली तो मान घालून रडत होता. कोणीतरी चटई उचलली आणि घरात नेली. इएतीने वर बघितलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. स्वतः तुआलाने उचलली असेल, तर माफी झाली, आणि त्याच रीतीने हद्दपारीही संपली. गावाचं म्हणणं, तुआला अंथरुणाला खिळलेला होता, पाऊस येईल म्हणून घरातल्या कोण्या पोरीने चटई आत टाकली. महिन्याभरात तुआला वारला. विचारणार कोणाला? म्हणून आज त्याच्या घरून आलेली ती चटई कोर्टापुढे उघडायची होती, आणि त्याची विधवा लुआफाता हिला त्याबद्दल विचारायचं होतं. एवढंच आजचं काम.

"हा आमच्या मेलेल्या सरदाराचा अपमान आहे!" सेउमानूने हातातली काठी फरशीवर आपटली. गावाच्या वतीने बोलणारा मानकरी तो. हद्दपारीचा हुकूमही त्याच्याच तोंडून निघालेला. त्याच्या मागे लुआफाता पांढऱ्या कपड्यात बसली होती. तिने त्या जाड्याभरड्या चटईकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात इएतीचा वकील फेरेती उठला. इएतीच्या बहिणीचा मुलगा, न्यूझीलंडमध्ये शिकून आपियात नाव काढलेला, सूट घामाने चिकटलेला. "मॅडम, चटई गेली. म्हणजे लहान प्रश्न गेला. आता कोर्टाला घटनेच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल. मी तयार आहे." त्याच्यापुढे कायद्याच्या पुस्तकांची ही चळत लागली होती. दाराबाहेर आपियाहून आलेले कॅमेरेवाले माना लांब करून बघत होते.

"तुम्ही तयार आहात ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "मी नाहीये. दुपारी बसू."

"पोलिसांना बोलवायचं का?" पेलेनातोने हळूच विचारलं.

"बोलव, आणि त्या दोन ट्रकांना आपसात भिडताना बघ. चल, माझ्या खोलीत ये."

खोलीचं दार लागताच कोर्टाच्या सामानाची राखण करणारा तो आडदांड माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "बाई, सकाळी गाठोडं बाहेर काढताना तुम्ही विचारलंत, रविवारी इकडे कोणी आलं होतं का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो मी."

२

"आधी नाक पूस," बाई म्हणाल्या. "मग सांग."

पेलेनातोने लुंगीच्या टोकाने नाक पुसलं. त्याचं घर कोर्टाच्या मागेच होतं. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्या वडिलांच्या फोटोमागे खिळ्याला टांगलेली असायची. हे त्याच्या बायकोला माहीत, शेजाऱ्यांना माहीत, आणि कोर्टात चार दिवस काढलेल्या कोणालाही माहीत.

"अरे, मग किल्ली ठेवतोस कशाला? दार उघडंच टाक की."

"बाई, रागावू नका. शनिवारी दोन्ही बाजूंनी चटई पाहिली, माझ्यासमोर. सेउमानू आले, एकदा बघितलं आणि गप्प झाले. एक शब्द नाही. वकीलसाहेब मात्र बराच वेळ बसले. कडेवरून बोट फिरवत होते. मीही बघितली ना! काय वस्तू होती, बाई. सगळ्या कडेला पिसं. एका कोपऱ्यातली तर इतकी लालभडक, जशी कालच लावलीत."

"आणि रविवारी?"

"रविवारी सकाळी मी देवळात. नंतर जेवलो, झोपलो. सगळं बेटच झोपतं." त्याने पुन्हा नाक पुसलं. "उठलो तेव्हा सेउमानू दारात उभे. माझ्या बहिणीचे यजमान आहेत ते, त्यांना नाही कसं म्हणू? हातात टोपली. म्हणाले, मी आलो होतो हे कोणाला बोलायचं नाही. आणि मला पाणी आणायला आत पाठवलं."

"किल्ली असलेल्या खोलीत कोण राहिलं?"

पेलेनातो पुन्हा रडायला लागला. तेच त्याचं उत्तर होतं.

३

सेउमानू बाईंच्या खोलीत आला तो खुर्चीवर बसलाच नाही. काठी टेकून उभा राहिला. साठी उलटली तरी ताठ माणूस. गावाचं भाषण करायचं म्हणजे पाठ वाकवून चालत नाही.

"रविवारी तुम्ही इथे आला होतात," बाई म्हणाल्या.

"आलो होतो."

"कशाला?"

"ते सांगणार नाही."

"सेउमानू, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? चटई गेलीय. ती गेल्याने फायदा तुमच्या गावाचा. किल्लीजवळ तुम्ही एकटे होतात. उद्या कोणी म्हणालं की मानकऱ्यानेच चोरली, तर मी काय उत्तर देऊ?"

"म्हणू द्या." त्याचा आवाज चढला नाही. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण आमच्यातल्याच आहात. तुआलाच्या मयतीला किती मानाच्या चटया आल्या ते सगळ्या बेटाने बघितलंय. खोली भरलीय लुआफाताची. आणि मी त्याच्या चटईच्या जागी पायाखालची चटई गुंडाळून ठेवीन? कोकोचा डाग पडलेली? माझ्या सरदाराच्या नावाने? त्यापेक्षा माझी जीभ तोडा."

खिडकीबाहेर ट्रकमधली पोरं नारळ फोडत होती. दोन्ही ट्रकांमधली पोरं एकमेकांची चेष्टा करत होती, अजून तरी हसत.

"शनिवारी चटई बघून तुम्ही गप्प का झालात?"

सेउमानूने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी हुकूम देतो तेव्हा बोलतो. बघतो तेव्हा बघतो."

"आणि लुआफाता? ती बोलेल?"

"नवऱ्याच्या गादीचा मानकरी उभा असताना, भर सभेत? तुम्हालाच ठाऊक आहे." तो दाराकडे वळला. तिथे क्षणभर थांबला. "म्हातारी कशी आहे, फासोआ?"

"इएतीची आई? का विचारता?"

पण तो निघून गेला होता. बाई त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिल्या. ज्या बाईला या माणसाने गावाबाहेर काढलं, तिची विचारपूस तो का करत होता?

४

इएतीचं बिऱ्हाड कोर्टापासून हाकेच्या अंतरावर एका लांबच्या नातलगाच्या घरी पडलं होतं. चार खांब, पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, भिंती नाहीत. बाई पायीच गेल्या. बाहेर चपला काढल्या आणि आत येऊन मांडी घालून बसल्या.

इएती तोंड पाडून एका कोपऱ्यात बसला होता. सूनबाईने कोको आणून ठेवला. फासोआ म्हातारी खाटेवर होती, अंगाची नुसती काडी झालेली, पण डोळे लखलखीत.

"जज्जबाई स्वतः आल्या," ती म्हणाली. "म्हणजे मी लवकर मरणार वाटतं."

"आई!" इएती कळवळला.

"गप रे. मरायचं मला, ओरडतोस तू. पोरी, मी एकच मागते. माझा नवरा आमच्या दारापुढे पुरलाय. त्याच्या शेजारी मला जागा हवी. रस्त्यावरच्या कोणाच्या तरी परसात नको. तुमचा तो मोठा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. फेरेती सांगतो, इथून वरच्या कोर्टात जाईल, मग आणखी वर. मी काय तोवर श्वास धरून बसू?"

बाईंना हसू आलं. "मावशी, ती चटई तुम्ही विणलेली ना?"

"मीच. लग्नाच्या आधी. एक कोपरा तेवढा उघडा राहिला. पिसं संपली आणि मग हा इएती झाला, मग त्याच्या बहिणी झाल्या. कुठला कोपरा आणि कुठलं काय. तशीच इएतीने तुआलाच्या दारी नेली."

"कोपरा उघडा होता? पिसं नव्हती?"

"सांगते काय मी?"

बाईंनी कोकोचा घोट घेतला. म्हणजे ती लालभडक पिसं नंतर लागली होती, चटई तुआलाच्या घरात गेल्यावर. आणि कुठलीही शहाणी बाई दुसऱ्याच्या चटईवर आपली पिसं खर्च करत नाही. ज्या घराने पिसं लावली, त्या घराने ती आपली मानली होती.

त्यांची नजर घरात फिरली. खाटेखाली रिकामी टोपली होती, कडेची वीण सालेताफूची. आत नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचा वास अजून होता. "ही कोणी आणली?"

इएती चुळबुळला. "पेलेनातो देऊन गेला, रविवारी. नाव सांगितलं नाही. आमच्या गावचं कोणी आम्हाला खायला घालू शकत नाही, बाई. बंदी आहे."

बंदी घालणाऱ्यानेच पाठवली होती तर! बाईंनी मनातल्या मनात सेउमानूची माफी मागितली.

"वाढलाय तो माझ्या अंगणात," म्हातारी छताकडे बघत पुटपुटली. "काठी हातात आली म्हणून चव विसरेल होय?"

"झोप लागते का, मावशी?"

"काल लागली. किती दिवसांनी! पाठ दुखली नाही. आणि सारखा घरचा वास येत होता, माझ्या तेलाचा, त्या फुलांचा. नवऱ्याच्या शेजारी निजल्यासारखं वाटलं." तिने बाईंकडे रोखून बघितलं. "म्हाताऱ्या माणसाला असले भास होतात, नाही का?"

"होतात," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, चपला घालायला वाकल्या, आणि वाकल्या तशाच थांबल्या. सगळ्या घरात चटया अंथरलेल्या होत्या, भिंगरीसारखी धावणारी पोरं पडली तर लागू नये इतक्या दाट. फक्त म्हातारीच्या खाटेचे दोन पाय चटईवर होते आणि दोन उघड्या सिमेंटवर.

"फेरेती कुठे झोपतो?" त्यांनी इएतीला विचारलं.

"इथेच, आजीजवळ. लहानपणापासून तीच त्याला सांभाळायची. का हो?"

"काही नाही. त्याला म्हणावं, जेवायच्या आधी मला भेट."

५

फेरेती आला तेव्हा बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून पपई कापत होत्या. त्यांनी एक फोड त्याच्यापुढे केली. त्याने घेतली, पण खाल्ली नाही.

"चोर सापडला का, मॅडम?"

"जरा माझ्याबरोबर विचार कर. चटई गावाला नडत होती. तिच्यावर नवी पिसं होती, म्हणजे तुआलाच्या घराने ती स्वीकारली होती. बरोबर?"

"बरोबर. म्हणूनच गावाने—"

"थांब. गावाकडे मानाच्या चटयांचा ढीग पडलाय. गावाला चोरी करायची असती तर त्यांनी दुसरी मानाची चटई ठेवली असती, एक कोपरा उघडा असलेली. मी ती उघडली असती, पिसं नाहीत म्हणाले असते आणि इएती हरला असता. कोणाला संशयही आला नसता. जाडीभरडी चटई कोण ठेवील? ज्याच्याकडे दुसरी मानाची चटईच नाही तो. आणि ज्याला चटईचं उत्तर उलटं करायचं नाही, प्रश्नच नाहीसा करायचाय, तो."

फेरेती पपईच्या फोडीकडे बघत होता.

"आज फक्त चटई उघडायची होती. तू पुस्तकांची चळत घेऊन आलास. आपियाचे कॅमेरे आले. चटई उघडायला कॅमेरे कोण बोलावतं रे? आणि मग तुझी आजी म्हणाली, रात्री पाठ दुखली नाही, घरचा वास आला." बाईंनी सुरी खाली ठेवली. "लुआफाताच्या घरी काय, माझ्या घरी काय, मानाची चटई ठेवतात कुठे? गादीखाली, सपाट राहावी म्हणून. तुझ्या आजीच्या खाटेखालची चटई माझ्या कोर्टात आली, आणि माझ्या कोर्टातली तुझ्या आजीच्या गादीखाली गेली."

फेरेतीने फोड खाली ठेवली. मग कोट काढून त्याने कठड्यावर टाकला. आता तो सालेताफूचाच एक पोरगा दिसत होता.

"जाळायची होतीस," बाई म्हणाल्या. "काही उरलं नसतं."

"मानाची चटई? जाळायची?" त्याने बाईंना वेड लागल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं.

"तेच. म्हणून सापडलास."

त्याला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला. "हो, घेतली मी! रविवारी सगळे देवळात असताना घेतली. आणि का घेतली सांगू? तुम्ही काय करणार होतात ते मला माहीत होतं. चटई उचलली, माफी झाली, घरी जा. म्हणजे काय, मॅडम? म्हणजे स्वतःच्या घरात देवाचं नाव घेणं हा अपराधच होता, फक्त तो माफ झाला! या बेटांवर अशी किती कुटुंबं परसापरसांत पडलीत. त्यांच्याकडे चटई नाही, त्यांना लुआफाता नाही. त्यांना कोर्टाचं उत्तर हवंय. आणि कोर्ट दर वेळी एखादी चटई शोधून तिच्यामागे लपतं."

बाईंनी हे ऐकून घेतलं. लागायचं तिथे लागलं होतं. "खरं आहे तुझं," त्या म्हणाल्या.

त्याला ही अपेक्षा नव्हती.

"पुष्कळसं खरं आहे. लपले असेन मी कधी कधी. पण एक सांग, मोठी लढाई लढायची तर ज्याला लढायचंय असं माणूस लागतं. तुझ्या आजीला लढायचंय? तिला विचारलंस?"

"तिला कायद्यातलं काय कळतं?"

"तिला घर कळतं. निकाल वर जाईल, आणखी वर जाईल, आणि ती कोणाच्या तरी परसात मरेल. पुस्तकात तुझं नाव येईल. तिचं थडगं कुठे येईल?" बाई उठल्या. "तुझ्याबद्दल मला वकीलसभेला कळवावं लागेल. ते मी चुकवू शकत नाही आणि चुकवणारही नाही. पेलेनातोची नोकरी जाता जाता राहिली, सेउमानू चोर ठरत होता, आणि त्या विधवेच्या घरातली वस्तू गेली. दुपारी मी कोर्टात येईन तेव्हा काय बोलायचं ते बोलेन. तोवर काय करायचं ते तू ठरव."

६

दुपारी बाई कोर्टाकडे निघाल्या तेव्हा आवारात माणसं होती पण आवाज नव्हता. दोन्ही ट्रक रिकामे होते. पोरं खाली उतरून गवताच्या कडेने उभी होती, दोन्हीकडची, एकमेकांत मिसळलेली.

गवतावर, भर उन्हात, कोर्टाच्या पायऱ्यांकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. डोक्यावर मानाची चटई. वाऱ्याने कडेची लाल पिसं हलत होती, आणि एका कोपऱ्यातली इतरांपेक्षा जास्त लाल होती. चटईखालून कोणीतरी बोललं, आणि तो आवाज सगळ्यांनी ओळखला.

"पेलेनातो काका, माझ्यामुळे तुमच्यावर आळ आला. सेउमानू, तुमच्यावर आला. लुआफाता काकू, तुमच्या घरची वस्तू मी चोरली. आजी—" चटईखाली त्याची मान आणखी खाली गेली.

व्हरांड्यात इएतीने आईला खुर्चीत आणून बसवलं होतं. त्याच्या तोंडचा रंगच उडाला. भाच्याकडे धाव घ्यावी की नाही हेच त्याला कळेना.

सगळे सेउमानूकडे बघायला लागले. अशा वेळी पुढे व्हायचं ते त्यानेच. पण तो काठी धरून खांबासारखा उभा राहिला, आणि बाईंना त्याची अडचण बरोबर कळली. गावाची म्हणून त्याने ती चटई उचलली, तर ती गावाची झाली, म्हणजे इएतीची माफीही झाली. नाही उचलली, तर माफी मागणारा पोरगा उन्हात बसून राहणार, आणि तो दगड ठरणार. ऊन चढत होतं. फेरेतीच्या शर्टाची पाठ भिजून गेली होती.

मग पांढरे कपडे हलले. लुआफाता पायऱ्या उतरली. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि ती कोणाकडे बघतही नव्हती. ती गवतातून सरळ गेली, वाकली आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

"माझी पिसं आहेत," ती म्हणाली. "उन्हात रंग जाईल."

तिने चटई घडी करून छातीशी धरली. फेरेती डोळे मिटून तसाच बसला होता. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती वळली.

"सेउमानू, तुआलाने त्या पहाटे ही उचलली तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. मी त्याला धरून होते. आत आल्यावर तो म्हणाला, आपल्याच घरातली आहे आता, कोपरा पुरा कर. मी केला." तिने चटई आणखी घट्ट धरली. "तू मला विचारलं नाहीस. तुझ्यासमोर आपण होऊन मी कशी बोलू? पण चटई चोरीला जायला लागल्यावर मला गप्प राहवत नाही."

सेउमानूने काठी गवतावर आडवी ठेवली. एवढ्या वर्षांत कोणी ती त्याच्या हातातून खाली गेलेली पाहिली नव्हती. "शनिवारी पिसं बघितली आणि मला कळलं होतं," तो हळू म्हणाला. "सांगायला हवं होतं मी."

त्या दुपारी निकाल वाचायला बाईंना फार वेळ लागला नाही. रीतीने हाकललं होतं, रीतीनेच परत घेतलं होतं. इएतीचं कुटुंब घरी जाईल. शेवटी त्यांनी दोन ओळी जास्त वाचल्या. मोठा प्रश्न या खटल्यात सुटलेला नाही, तो टळलाय. जो कोणी तो सरळ मार्गाने घेऊन येईल त्याला हे दार उघडं आहे. फेरेती मागच्या बाकावर बसून ऐकत होता. त्याच्यापुढे पुस्तकं नव्हती.

म्हातारीला न्यायला सेउमानूचाच ट्रक उभा राहिला. इएती आणि फेरेतीने तिला गादीसकट उचलून मागे ठेवलं. बाई जवळ गेल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"माझ्या हातची वीण माझ्या पाठीला कळणार नाही होय?" म्हातारीने त्यांचं बोट धरलं. "नाव घेतलं असतं तर पोराचं वाटोळं. गप्प बसले असते तर माझं घर गेलं. म्हणून तुला वासाचं सांगितलं. पुढचं काम तुझं होतं."

सेउमानू गाडीत चढला आणि मागे वळून ओरडला, "चला, निघू या! संध्याकाळच्या प्रार्थनेआधी गावात पोचायला हवं."

"कोणाच्या घरच्या प्रार्थनेआधी रे?" म्हातारीने विचारलं. "मी तर माझ्या लेकाच्या घरी बसणार."

ट्रकमधली पोरं हसायची थांबली. इएतीने खाली मान घातली. सेउमानू कितीतरी वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडी सुरू केली.